गाळपेरीतला समुद्र

ज्ञानेश्वरी आमच्या कार्यालयात रुजू झाली तेव्हा समुद्राचे काम आमच्याकडे नव्हते. नगरच्या सावेडीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही गावांचे जुने नकाशे संगणकावर उतरवायचो. कागदी नकाशा स्कॅन करायचा, सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा आणि प्रत्येक रेषेवरून माउस फिरवत ती रेषा नव्याने काढायची. वावरे, विहिरी, ओढे, पायवाटा. काम सोपे दिसते, पण दिवसभर एका जागी बसून ते नीटपणे करणारी माणसे थोडी असतात. हिशेब, हजेरी आणि प्रशासन माझ्याकडे असल्यामुळे कोण टिकेल आणि कोण दिवाळीनंतर येणार नाही, याचा अंदाज मला लवकर यायचा. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत अंदाज बांधायची वेळच आली नाही. पहिल्या आठवड्यातच तिने सगळ्या खोलीला आपली भाषा लावली.

नकाशावरच्या प्रत्येक क्षेत्राची सीमा फिरून पुन्हा पहिल्या बिंदूला येऊन मिळावी लागते. केसाएवढी फट राहिली तरी सॉफ्टवेअर तिथे लाल ठिपका दाखवते. या चुकीला प्रशिक्षणात एक लांबलचक इंग्रजी नाव दिले होते, ते कुणाच्या लक्षात राहत नव्हते. ज्ञानेश्वरी शेजारच्या मुलीच्या पडद्याकडे वाकून म्हणाली, "अगं, तुझ्या बांधाला खिंडार हाय." दोन क्षेत्रांच्या सीमा एकमेकींवर चढल्या की तिच्या लेखी कुणीतरी कुणाचा तरी बांध कोरलेला असायचा. बांध कोरण्यावरून आपल्याकडे काय काय होते हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे ती चूक मग कुणी सहसा करीना.

तिचे सासर मुळा धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. नवरा, कल्याण, दुधाचे संकलन केंद्र चालवतो. सासू साळूबाई सत्तरीच्या आहेत आणि अजून शेतात असतात. त्यांची चांगली जमीन मागच्या पिढीत धरणात गेली. पण दरवर्षी पाणी उतरत गेले की गाळाची काळी जमीन उघडी पडते आणि त्या मोसमापुरती ती कसायला मिळते. तिला गाळपेर म्हणतात. ओल असतेच, खताचीही फारशी गरज नसते. उन्हाळी भुईमूग, काकडी, जनावरांसाठी कडवळ असे काहीबाही घ्यायचे आणि पावसाळ्यात पाणी चढायच्या आत काढून न्यायचे. ज्ञानेश्वरी लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यापासून ही शेती करते आहे. एसटीने नगरला यायचे, दिवसभर नकाशे काढायचे आणि उन्हाळ्यात संध्याकाळी उतरल्यावर परस्पर गाळपेरीत जायचे, हा तिचा क्रम.

मग आम्हाला समुद्राचे काम मिळाले. नगर जिल्ह्यात समुद्र नाही हे कळायला नकाशा लागत नाही, त्यामुळे सुरुवातीला सगळेच हसले. काम होते एका परदेशी कंपनीचे. जहाजावर आता कागदी नकाशाऐवजी पडदा असतो. त्या पडद्यामागची माहिती कुणीतरी जुन्या नकाशांवरून तयार करावी लागते: इथे पाणी किती खोल, खडक कुठे, दीपगृह कुठे, गाळ कुठे. जहाजाचा संगणक नुसते चित्र पाहत नाही. प्रत्येक तुकडा काय आहे ते त्याला सांगावे लागते, आणि मग जहाज उथळ पाण्याकडे निघाले की तो घंटा वाजवतो.

या कामासाठी गट निवडताना ज्ञानेश्वरीने आपणहून नाव दिले. मार्गदर्शक पुस्तिका इंग्रजीत होती. शब्दकोश शेजारी घेऊन तिने ती वाचली आणि दुपारच्या सुट्टीत बाकीच्यांना मराठीत समजावून सांगितली. पलीकडे पाइपलाइनचे नकाशे करणारा गट बसतो. त्यांच्यातला कुणीतरी रोज विचारायचा, "काय ताई, मासा घावला का?"

"घावला की," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणायची. "तुमच्याच पाइपातनं निघाला."

तिला ते काम मनापासून आवडत होते हे सांगायला साक्षीपुराव्याची गरज नव्हती. एरवी ती कामाबद्दल "नकाशा" म्हणायची. आता "माझं पाणी" म्हणायला लागली. खोलीचे आकडे भरताना ओठांतल्या ओठांत पुटपुटायची. साळूबाईंनी गावभर सांगून ठेवले होते की सून जहाजाच्या हापिसात हाय. वर्षभरात ती गटप्रमुख झाली. तयार नकाशावर अंतिम तपासणी करणाऱ्याचे नाव जाते, तिथे तिचे नाव जाऊ लागले. त्या रकान्यात आधी पुण्याच्या कुणाचे तरी नाव असायचे.

चूक झाली ती एका नदीमुखाच्या नकाशांत. नदी समुद्राला मिळते तिथे गाळाची मोठमोठी मैदाने होती. मूळ नकाशा जुना, काळा-पांढरा. मैदानांभोवती ठिपक्यांची रेघ, आत आकडे आणि आकड्यांखाली रेघ. खाली रेघ मारलेला आकडा म्हणजे खोली नव्हे. पाणी अगदी उतरलेले असताना ती जागा पाण्याच्या किती वर असते, ती उंची. सृष्टी नावाची काष्टीची मुलगी गटात नवीन होती. तिने विचारले की हे क्षेत्र पाण्यात टाकायचे की जमिनीत.

ज्ञानेश्वरीने पुस्तिकेत पाहिले. पाणी उतरल्यावर उघडा पडणारा भाग, असे तिथे वर्णन होते. ती म्हणाली, "ही गाळपेर हाय. जमिनीत टाक."

सृष्टीला शंका होती. तेव्हा ज्ञानेश्वरीने तिला त्याच मैदानावर दाखवलेली खुंटांची रांग आणि एक पायवाट दाखवली. पाण्यात कुणी खुंट रोवत नाही आणि पाण्यातून पायवाट जात नाही, हे सृष्टीलाही पटले. आमचे प्रकल्पप्रमुख करण सर यांनाही पटले. करण राहतात पुण्यात, पण लहानपण दुष्काळी जामखेडला गेलेले. जमीन आणि पाणी यांची अदलाबदल होते ही कल्पनाच त्यांना नवी होती. सॉफ्टवेअरने तपासणी केली, एकही लाल ठिपका आला नाही. बांध सगळे जुळले होते. अंतिम तपासणीच्या रकान्यात ज्ञानेश्वरीचे नाव गेले. अशा रीतीने त्या नदीमुखाचे तीन नकाशे आमच्याकडून गेले आणि त्यातले दोन तिकडे मंजूरही झाले.

तिसरा परत आला. सोबतच्या मेलमध्ये लिहिले होते की तुमच्या नकाशात आमचे एक छोटे बंदर चारी बाजूंनी जमिनीने वेढले गेले आहे, तर तिथल्या होड्या आता बाहेर कशा पडणार ते कळवावे. मेलला दोन फोटो जोडले होते. दोन्ही एकाच धक्क्याचे. एकात होड्या चिखलात कुशीवर पडल्या होत्या, दुसऱ्यात त्याच होड्या पाण्यावर डोलत होत्या.

ज्ञानेश्वरीने ते फोटो बराच वेळ पाहिले. मग खालची तारीख पाहिली.

"एकाच दिवसाचं हायेत हे," ती म्हणाली. "आमच्याकडं एवढं व्हायला आठ महिने लागतात."

भरती-ओहोटी तिला माहीत नव्हती असे नाही. शाळेत सगळ्यांनीच शिकलेली असते. पण तिच्या आयुष्यातले पाणी वर्षातून एकदा जायचे आणि एकदा यायचे, आणि मधल्या काळात तिथे जमीन असायची, त्यात पीक असायचे. समुद्र दिवसातून दोनदा तीच जागा झाकतो आणि दोनदा उघडी करतो. म्हणून तो भाग पाण्यातच ठेवायचा असतो, फक्त त्याची खोली उणे लिहायची. मला हे लवकर समजले, कारण शिल्लक उणे झाली म्हणून बँकेतले खाते बंद होत नाही. आमच्या लोकांनी खाते बंद करून टाकले होते.

करण पुण्याहून आले. त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही, पण जे सांगितले ते सरळ होते. ही चूक कशी झाली आणि पुढे काय करणार, याचे लेखी उत्तर पाठवायचे आहे. ते पटले नाही तर समुद्राचे काम आपल्याकडून जाईल. काम राहो अथवा जावो, पुढच्या महिन्यापासून ज्ञानेश्वरी पाइपलाइनच्या गटात जातील. हे त्यांनी तिला समोर बसवून सांगितले.

"काम आपल्याकडं राहिलं तरी?" तिने विचारले.

"तरी. त्यांना काहीतरी बदलल्याचं दाखवावं लागेल, ताई."

तिने मान हलवली. बाहेर सृष्टी रडवेली होऊन उभी होती. क्षेत्र तिने काढले होते, म्हणून आपले नाव पुढे जाईल अशी तिला भीती. ज्ञानेश्वरी तिला म्हणाली, "तू इचारलं हुतंस. सांगितलं मी. जा, पाणी पी." मग माझ्या टेबलाशी येऊन तिने चौकशी केली की बदलीचा आदेश टाइप झाला का. मी म्हणालो, अजून नाही.

"नका घाई करू, भाऊसाहेब," ती म्हणाली. "पाइपलाइन वाईट न्हाई. पण तिथं सगळं जमिनीतच असतं." एवढे बोलून ती हसली आणि जागेवर गेली. तिसरा नकाशा तिने स्वतः दुरुस्तीला घेतला.

त्या रविवारी आम्हा सगळ्यांना तिच्याकडे शेंगा खायला बोलावलेले होते. हे आधीच ठरले होते. आता जावे की न जावे अशी कुजबुज झाली, पण तिनेच सांगितले की शेंगा कुणाची बदली बघून थांबत नाहीत, या.

गाळपेर मी प्रथमच पाहिली. गावापासून उतार उतरत गेलो की एका जागी झाडे संपतात. पुढे नुसती काळी, भेगाळलेली, जागोजागी हिरवी जमीन आणि फार लांब पाण्याची रेघ. जुन्या गावाकडचा रस्ता गाळातून वर आला होता आणि सरळ पाण्यात शिरत होता. साळूबाईंनी तीन दगडांवर पातेले ठेवून मीठ घालून शेंगा उकडायला लावल्या होत्या. काकड्या कापलेल्या होत्या. करणही आले होते. मोठ्या संकोचाने आले, पण साळूबाईंनी त्यांना "लई वाळलाय साहेब तुमी" म्हणून आधी वाढले.

साळूबाईंच्या कानावर चूक झाल्याचे गेले होते. नेमके काय झाले ते त्यांनी सुनेला विचारले, आणि तिने सांगितले: आपल्यासारखीच गाळाची जमीन, पण तिथे पाणी दिवसातून दोनदा येते.

"दिसातनं दोनदा?" साळूबाई म्हणाल्या. "मंग पेरायचं कधी?"

करणसुद्धा हसले. ज्ञानेश्वरी म्हणाली, "आत्या, तिथं पेरत न्हाईत."

"पेरंनात का. पर एवढं पानी जातं कोन्या अंगानं? आपलं येतं नदीनं अन् जातं कालव्यानं. त्येंचं?"

"आलं तसंच माघारी."

"म्हंजी यायला बी तीच वाट, अन् जायला बी तीच?"

"व्हय," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिच्या हातात एक शेंग होती. ती तिने फोडली नाही, तशीच परत ताटात ठेवली. साळूबाई पातेल्याकडे वळल्या होत्या. थोड्या वेळाने ज्ञानेश्वरीने सृष्टीला बाजूला बोलावून विचारले, "नकाशावरच्या त्या बाणांचं आपण काय केलं गं?"

सोमवारी तिने तिन्ही नकाशे पुन्हा उघडले. नदीमुखातल्या अरुंद वाटांमध्ये मूळ नकाशावर बाण छापलेले होते, पाणी कुठल्या दिशेने वाहते ते दाखवायला. प्रत्येक ठिकाणी दोन बाण होते, एकमेकांच्या उलट दिशांना तोंड केलेले. एकाच्या शेपटीला पिसे होती, दुसऱ्याच्या नव्हती. काम करताना गटात त्याची चर्चा झाली होती. पाटाचे पाणी एकाच दिशेने वाहते. दोन बाण कसे असतील? जुन्या कागदावर कधीतरी दुरुस्ती केली असेल आणि जुना बाण तसाच राहिला असेल, असे ठरले. पिसांचा बाण जुना दिसतो म्हणून तो सगळीकडून काढून टाकला आणि समुद्राकडे जाणारा ठेवला. आता उघड झाले की पिसांचा बाण भरतीचा होता. पाणी आत येताना त्या दिशेने येते, आणि जाताना बिनपिसांच्या बाणाने जाते. आमच्या नकाशावर पाणी नुसते जात होते, येतच नव्हते.

परदेशी कंपनीच्या तपासणीतही हे सुटले होते. ही चूक जगात फक्त आमच्या खोलीला माहीत होती.

बदलीचा आदेश सहीसाठी घेऊन मी करणच्या समोर बसलो होतो तेव्हा ती आत आली. तिने दोन कागद टेबलावर ठेवले, एक मूळ नकाशाचा, एक आमचा, आणि बाण दाखवले. करणनी दोन्ही कागद जवळ ओढून पाहिले. मग त्यांनी दार लावायला सांगितले.

"तिसरा नकाशा आपल्याकडंच आहे. त्यात बाण घालून टाका," ते म्हणाले. "त्याबद्दल वेगळं काही लिहायची गरज नाही."

"अन् आधीचे दोन?"

"ते मंजूर झालेत, ताई."

"मंजूर झालेत म्हणून तर आलेय. ते जहाजावर गेले असतील."

करणनी कपाळ चोळले. त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे मला तेव्हाही वाटले नाही. आधीच एका चुकीचे उत्तर द्यायचे आहे. त्यात आपणच दुसरी चूक नेऊन ठेवली तर काम जाणार, आणि ते तिच्या एकटीचे नाही, त्या गटातल्या सगळ्यांचे जाणार. हे त्यांनी तिला समजावून सांगितले. तुमच्यासाठीही मी काही करू शकणार नाही, असेही म्हणाले. त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, काळजी होती.

ज्ञानेश्वरीने सगळे ऐकून घेतले. एरवी पटकन उत्तर देणारी ही बाई त्या दिवशी शब्द शोधत होती.

"सर, एखादा माणूस होडी घेऊन आत निघाला. नकाशा म्हणतो, पाणी तुला माघारी ढकलंल. म्हणून तो इंजिन जोरात सोडणार. अन् पाणी तर त्याला म्होरं ढकलतंय." तिने माझ्या हातातल्या आदेशाकडे बोट केले. "मला पाइपलाइनवर टाका. त्या कागदावर आत्ता सही करा, भाऊसाहेब हितंच हायेत. पण हे कळवा."

करणनी माझ्याकडे पाहिले. मी आदेशाचा कागद परत फाइलमध्ये ठेवला. ज्या सहीसाठी आलो होतो ती मागायची ती वेळ नव्हती. त्या दुपारी त्यांनी मेल लिहिला. दोन्ही चुका, त्या कशा झाल्या, आणि दुसरी आम्हीच शोधली, एवढेच त्यात होते. गाळपेरीचे वर्णन मात्र त्यांनी ज्ञानेश्वरीला विचारून विचारून लिहिले. धरण म्हणजे काय हे तिकडच्या लोकांना ठाऊक असेल, पण त्याच्या पोटात भुईमूग होतो हे समजावून सांगणे अवघड गेले.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत पलीकडच्या गटाने माशाची चौकशी करणे बंद केले होते, आणि तेच तिला जास्त जड गेले असावे. एकदा तीच त्यांच्याकडे जाऊन म्हणाली, "का रं, मासं खायचं सोडलं का सगळ्यांनी?" त्यातल्या एकाने तिच्यासाठी आपल्या शेजारची खुर्ची पुसून ठेवली होती. ती तिने पाहिली, आणि आपल्या जागेवर परत आली.

उत्तर आले ते कोरडे होते. मंजूर झालेले दोन्ही नकाशे आम्ही परत घ्यावेत आणि विनामोबदला दुरुस्त करून द्यावेत. जहाजांना बाणांबद्दल सूचना दिली जात आहे. या वर्षभर आमच्या कामाची तपासणी त्यांचा माणूस पुन्हा करील. काम आमच्याकडे राहील. ज्ञानेश्वरीबद्दल त्यात एक शब्द नव्हता, चांगलाही नाही आणि वाईटही नाही.

करण माझ्या टेबलाशी आले आणि बदलीचा आदेश काढायला नको असे म्हणाले. पण अंतिम तपासणीच्या रकान्यात आता तिचे नाव घालता येणार नाही, तिथे वर्षभर त्यांचे स्वतःचे जाईल, असेही सांगितले. गटप्रमुखपद राहील, तपासणीचा मान जाईल. हे तिला मी सांगावे असे त्यांना वाटत होते. आपण सांगायला गेलो तर ती आपल्यालाच धीर देईल, असे काहीतरी ते पुटपुटले.

मी सांगितले. तपासणीचे नाव जाणार हे ऐकताना तिचा चेहरा उतरला. त्या रकान्यात नाव असलेल्या पहिल्या नकाशाची छापील प्रत तिने घरी नेऊन साळूबाईंना दाखवली होती, हे मला माहीत होते. तिने ओढणीच्या टोकाने चष्मा पुसला, जरुरीपेक्षा जास्त वेळ पुसला.

"पण काम समुद्राचंच ना, भाऊसाहेब?"

"समुद्राचंच."

"मग ऱ्हाऊ द्या."

दुपारी मी हजेरीपट घेऊन त्या बाजूने गेलो तेव्हा गटापुढे नवा नकाशा उघडलेला होता. कुठल्याशा लहान बेटाचा काठ होता, आणि सृष्टी माउस हातात घेऊन पहिली रेषा काढायच्या तयारीत होती. ज्ञानेश्वरीने तिचा हात धरला.

"थांब. आधी मला सांग, पाणी चढल्यावर हितलं काय काय झाकलं जाईल?"

सृष्टी पडद्याकडे बघत राहिली. ज्ञानेश्वरी शेजारची खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली आणि दोघी मिळून ते बेट न्याहाळू लागल्या.